व्यंकण्णांचे वीस दिवस

व्यंकण्णांना देवमाणूस म्हणणारी माणसं सोलापुरात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. गेल्या महिन्यात त्यांचा सत्कार झाला. पत्रिकेवर ‘सायकलपटू घडवणारे शिल्पकार’ असं छापलं होतं. जुनी शिष्या म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर माझा घसा बसलाय असं मी कळवून टाकलं. घसा ठणठणीत होता. पण शाल पांघरून बसलेल्या माणसासमोर जे बोलतात ते मला खोटं बोलावं लागलं असतं, आणि खरं होतं ते तिथे बोलवलं नसतं. म्हणून इथे लिहिते आहे.

सायकल शिकवणारा हा माणूस सायकलवर बसलेला मी एकदाही पाहिला नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ते जॉबर होते. जॉबर म्हणजे माग लावून देणारा, बिघडला की दुरुस्त करणारा. तो स्वतः विणत नाही. तुम्ही सायकल का चालवत नाही असं कुणी विचारलं की अण्णा म्हणायचे, “जॉबर टॉवेल विणतो का बे? त्यो मागाचं दुखणं वळखतो. बास की.” पंचवीस-तीस वर्षं त्यांनी मागांची दुखणी ओळखली, आणि तीही कानाने. शेडमध्ये पन्नास माग एकदम खडखडत असायचे, शेजारच्याच्या कानात ओरडावं लागायचं. अशा गोंगाटात अण्णा दारातच थांबायचे, मान तिरकी करायचे आणि आतल्या आठव्या की नवव्या मागाकडे सरळ चालत जायचे.

माणूस उंच आणि काटकुळा. भुवयांवर कायम सुताचा भुरा, त्यामुळे तिशीतही ते म्हातारेच दिसत असणार. खांद्यावर कारखान्यातला नापास टॉवेल आणि कानामागे एक पेन्सिल, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. घरात तेलुगू, कारखान्यात सोलापुरी, आणि चिडले की दोन्ही एकदम. पहाटे पाच वाजता आम्ही मुली अक्कलकोट रोडला सायकली काढायचो तेव्हा रात्रपाळीचे कामगार समोरून सायकलवर घरी चाललेले असायचे आणि अण्णा आपल्या फटफटणाऱ्या मोपेडवरून आमच्या बाजूने चालायचे. दोन तासांनी तशीच मोपेड घेऊन कामावर. हे सगळं ते फुकट करायचे. देवमाणूस म्हणतात ते त्यामुळे, आणि तेवढं मला मान्य आहे.

अण्णांची सगळी विद्या एका कॅलेंडरात मावत होती. सूत देणाऱ्या व्यापाऱ्याकडून दिवाळीत भिंतीवरचं कॅलेंडर यायचं. बाकीचे लोक त्यावर गॅसचा नंबर आणि दुधाचे खाडे लिहितात. अण्णा ते जमिनीवर पसरायचे आणि शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला, चैत्राच्या सुमारास, राष्ट्रीय शिबिरासाठी निवड चाचणी असते. त्या तारखेभोवती आधी लाल गोल. मग तिथून मागे बोट सरकवत फाल्गुन, माघ, पौष. निळ्या खुणा म्हणजे मेहनत, रिकाम्या चौकटी म्हणजे आराम, आणि लाल खुणा म्हणजे शर्यत. लाल खुणा फार थोड्या.

“मागावर ताण्याचा बीम असतोय,” ते सांगायचे. “सूत गुंडाळलेलं लोखंडी पिंप समज. त्यावर जेवडं सूत, तेवडेच टॉवेल. संपला की संपला, मालक आला म्हनून वाढत न्हाय. मानसाच्या पायात बी वर्षाला वीस दिवसांचा बीम असतोय. तेवडे वीस दिवस पाय तुझं ऐकत्यात. ते कुटं घालवायचे हे आधी ठरीव. मग सायकलला हात लाव.”

वीसच का, असं मी एकदा विचारलं. “मोजून बघ,” म्हणाले. मी मोजून पाहिलं नाही, कारण मोजण्यासारखं काही माझ्या वाट्याला आलंच नाही.

त्या कॅलेंडरवर जिच्या नावाने लाल गोल पडायचा ती रेश्मा. नातेपुत्याच्या बाजूच्या एका वाडीतली, धनगराच्या घरची. मामाकडे सोलापुरात राहायची. पहिल्या दिवशी ती घरच्या जुन्या सायकलवर, चपला घालून आली आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे निघून गेली. अण्णांनी मोपेड थांबवली, मान तिरकी केली आणि ती गेली त्या दिशेला बघत राहिले. त्या दिवसापासून ते तिला ‘अम्मा’ म्हणायला लागले. तेलुगू घरांत लेकीला मायेने तसं म्हणतात. मला ते शैला म्हणायचे. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी, एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून नुकतीच लागलेली. माझं काम वारा खायचं. सायकलच्या शर्यतीत पुढचा वारा कापतो आणि मागचा त्याच्या आडोशाला पाय राखून ठेवतो. मी चार वर्षं वारा खाल्ला आणि रेश्माने पाय राखले. सोलापूरचा फाल्गुनातला वारा खाल्ल्यावर दुपारी वर्गात खडू धरवत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

फॉर्म आला की नाही हे ओळखायची अण्णांची तऱ्हा मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. सोलापुरात चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल, दुसरा चढ देवाने दिलेला नाही. परतताना पाय पार गळाले की त्या पुलावर अण्णा हुकूम सोडायचे, “पाढा म्हना.” एकोणीसचा पाढा. चढ चढता चढता, मोठ्याने, एका दमात. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. अण्णा मोपेड अगदी जवळ आणून मान तिरकी करायचे. दम तुटला की हात वर. तुटला नाही आणि ‘एकोणीस दाहे’ पुलाच्या माथ्यावर आलं, की फॉर्म आला. गंमत म्हणजे अण्णा शिकले तेलुगू शाळेत. मराठी पाढे त्यांना येतच नव्हते. रेश्मा एकदा घाईत “एकोणीस त्रिक अडुसष्ट” म्हणून गेली आणि मी हसून सायकलवरून पडायची राहिले, तर अण्णा गंभीरपणे म्हणाले, “लई छान.” आकड्यांशी त्यांना घेणंच नव्हतं. ते आकड्यांच्या मधला श्वास ऐकायचे, जसा मागाचा ठोका ऐकायचे तसा.

माणूस करारी होता, हेही लिहायला हवं. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला महिलांची भव्य सायकल शर्यत ठरली. त्यांचे कार्यकर्ते कारखान्याच्या फाटकावर आले. रेश्माचा फोटो फ्लेक्सवर छापून झाला होता. अण्णा बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, “त्या दिवशी तिचा आराम हाय.”

“आराम? अण्णा, साहेबांचा वाढदिवस हाय ओ.”

“साहेबांचा हाय. हिचा न्हाय.”

पुढे वर्षभर आम्हाला सरावाला मैदानाचं फाटक उघडून मिळालं नाही. पण अण्णा हलले नाहीत. हा किस्सा सत्कारात तिघांनी सांगितला म्हणे, टाळ्याही पडल्या. त्याचं शेपूट कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी अण्णा मला म्हणाले होते, “शैला, तू जा त्या शर्यतीला. कुनीतरी गेलं पायजे. तुझं काय, तुझा बीम लांब हाय.” मी गेले, पहिली आले, पुढाऱ्याच्या हातून मिक्सर घेतला. फ्लेक्सवरच्या रेश्माखाली उभं राहून घेतला. अशा मी त्या चार वर्षांत किती शर्यती केल्या त्याचा हिशेब नाही. ज्याला नाही म्हणता येत नव्हतं तिथे मी, ज्याला नाही म्हणायचं नव्हतं तिथे रेश्मा. बीम लांब असल्याचं ऐकून त्या वेळी मला बरं वाटलं होतं, याचाच आता राग येतो.

रेश्माच्या फोनवर आम्ही युरोपातल्या वसंतातल्या शर्यती बघायचो. ओल्या दगडी रस्त्यांवरून, चिखलातून जाणारी ती व्यावसायिक मंडळी. अण्णांना इंग्रजी समालोचनातलं काही कळायचं नाही. “आवाज बंद कर,” म्हणायचे आणि नुसतं बघायचे. मग एखाद्याच्या खांद्यांकडे बोट दाखवून, “ह्यो मागल्या रविवारी बी पळालाय. आज मरनार.” आम्ही शोधून बघायचो, तर खरंच तो मागच्या रविवारी पळालेला असायचा. मोठमोठे खेळाडू कितीतरी शर्यती सोडून देतात आणि एका रविवारासाठी महिनेच्या महिने थांबतात, हे रेश्माने वाचून दाखवलं तेव्हा अण्णा लहान मुलासारखे खूश झाले. “बघ की! त्यांचा बी बीमच हाय!” आवाज बंद करायला ते का सांगत होते, हे मला पुढे कळलं.

आणखी एक दिवस सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कारखान्याच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी आम्हा दोघींना शेड दाखवायला नेलं. माग बंद झाले होते. अण्णा एकेका मागापाशी जाऊन ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, ताण सैल करत होते.

“हे कशापायी?” रेश्माने विचारलं.

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून उजेडात धरला. मधोमध एक बारीक आडवी पट्टी दिसत होती, बाकीच्या विणीहून दाट. “माग ताणून ठिवला आनि बंद केला की ही पट्टी येती. चालू करशील तवा पयल्या धाग्यालाच येती. कितीबी धू, जात न्हाय. नापास माल. थांबायचं असंल तर आधी ताण उतरायचा, मग थांबायचं.”

आता ते वर्ष. रेश्माचं तेवीस वर्षांखालच्या गटातलं ते शेवटचं वर्ष होतं. चाचणीत पहिल्या तिघींत आली असती तर राष्ट्रीय शिबिर, आणि शिबिराच्या कागदावर रेल्वेत खेळाडूंच्या जागेची नोकरी. नाही आली तर पुढच्या वर्षी तिला अनुभवी मोठ्या बायकांत उतरावं लागणार होतं आणि मामाच्या घरी तोवर कोण ठेवून घेणार होतं. हे तिला ठाऊक होतं, अण्णांना ठाऊक होतं, मलाही.

चाचणीच्या पंधरा दिवस आधी रेश्माचे वडील कारखान्यावर आले. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात नारळ. आम्ही दोघी तिथेच होतो. गावच्या जत्रेत सायकलींची शर्यत पूर्वीपासून होती, पण पुरुषांची. त्या वर्षी गावाने पहिल्यांदाच मुलींची शर्यत ठेवली होती, रेश्मासाठी. जत्रा चाचणीच्या आधीच्या बुधवारी होती.

“अण्णा, एक दिस लावून द्या,” ते म्हणाले. “सांजच्याला मी सोता आनून सोडतो.”

“पावनं, एक दिस जात न्हाय ओ त्यात. आठ जात्यात.”

“गावची पोर हाय. तिच्यापायी शर्यत ठिवली आन तीच न्हाय आली तर गावाला त्वांड कसं दावू?”

“गावाला सांगा, पोर भारताचा ड्रेस घालून येनार हाय. मग काडा की मिरवनूक.”

म्हातारा लेकीकडे वळला. “तू काय म्हंतीस?”

रेश्मा खाली बघत होती. “अण्णा म्हंत्यात तसं,” म्हणाली.

वडिलांनी नारळ टेबलावर ठेवला आणि ते गेले. पोरगी आली नाही म्हणून मुलींची शर्यत झालीच नाही, आणि वर्षभर त्यांना चावडीवर टोमणे खावे लागले. तो नारळ अण्णांनी घरी नेऊन कॅलेंडरखालच्या फळीवर ठेवला. चाचणी झाली की फोडायचा म्हणाले.

रेश्माचा फॉर्म मी डोळ्यांनी पाहिला आहे. जत्रेच्या त्या बुधवारी पुलावर तिने एकोणीसचा पाढा म्हटला आणि माथ्यावर पोचून, न विचारता, विसाचाही म्हणून टाकला. अण्णांचे डोळे भरून आले. मला वारा कापायला ठेवलं होतं, पण त्या दिवशी ती माझ्या आडोशाला राहिलीच नाही, बाजूने निघून गेली. मला हेवा वाटला आणि अभिमानही वाटला. दोन्ही लिहिते.

शुक्रवारी दुपारी रेश्माला फोन आला. चाचणी पुढे ढकलली. उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना त्या रविवारी सवड नव्हती. नवी तारीख साडेतीन आठवड्यांनंतरची.

तिने सांगितल्यावर अण्णा कॅलेंडरासमोर बसून राहिले. त्यांना करायचं काय ते ठाऊक होतं. ते त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. ताण उतरायचा. पोरीला आठ दिवस घरी पाठवायचं, आईच्या हातचं खाऊ द्यायचं, सायकल भिंतीला टेकवायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून चढवत आणायचं. वेळ कमी होता, पण थोडंफार जमलं असतं. अण्णांनी लाल गोल खोडला, नव्या तारखेवर काढला आणि मधल्या सगळ्या चौकटी निळ्या केल्या. हातात आलेला फॉर्म सोडायला त्यांचा जीव धजला नाही. रोज थोडं थोडं, पण रोज. पापड बंद, भात मोजून, झोप मोजून, जत्रा हुकलेल्या घरी फोनसुद्धा मोजून.

मी बोलले. तेवढं माझ्या नावावर जमा धरा. म्हटलं, “अण्णा, सुट्टीच्या आधी तुम्ही मागाचा ताण उतरवता. हिचा का नाही उतरवत?”

माझं बोलून होताच त्यांनी मान कॅलेंडराकडे वळवली. “माग लोखंडाचा असतोय. त्याला सांगून कळत न्हाय. ही ऐकती.”

ऐकत होती खरीच. अण्णांना मात्र ऐकू येत नव्हतं. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसांचे कान जातात, तसे त्यांचे हळूहळू गेले होते आणि ते त्यांनी सगळ्या जगापासून लपवलं होतं. जॉबरचा कान गेला हे कळलं तर कारखान्यात कोण ठेवील? मोपेडवरून ते आता मान तिरकी करत नव्हते, आमच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्या नादात एकदा केळ्यांच्या हातगाडीवर मोपेड घातली. रेश्माला आणि मला दोघींनाही समजलं होतं. आम्ही एकमेकींशी त्याबद्दल बोललो नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून पुलावर एक नवीन गोष्ट सुरू झाली. मी पुढे, रेश्मा मागे, तिच्या बाजूला अण्णा. “एकोणीस एके एकोणीस.” आवाज यायचा. “एकोणीस पंचे पंच्याण्णव.” तिथे तो तुटायचा. पुढे काही नाही, फक्त चेन आणि एक घशातली घरघर. मी वळून बघितलं. रेश्माचे ओठ हलत होते. डोळे अण्णांवर, ओठ पाढ्यावर, आवाज नाही. माथ्यावर अण्णा म्हणाले, “लई छान, अम्मा.”

असं तेरा-चौदा दिवस चाललं. रोज पंच्याण्णववर तुटायचं आणि मला ते रोज ऐकू यायचं. मोपेड थांबवून त्यांना कागदावर लिहून दिलं असतं तरी पुरलं असतं. मी लिहून दिलं नाही. का, ते मला चांगलं माहीत आहे. तुझा बीम लांब हाय. ज्याने चार वर्षं माझा श्वास कधी ऐकला नाही, त्याला दुसरीचा ऐकू येत नसेल तर येऊ नये, असं मला वाटलं. रेश्माला खड्ड्यात घालायचं नव्हतं. अण्णांना चुकलेलं बघायचं होतं. पण त्यांची चूक रेश्माच्या पायांतून जाणार होती, आणि हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते.

चाचणी पुण्याच्या बाजूच्या महामार्गावर झाली, वैशाखाच्या उन्हात. एकेकटीने घड्याळाविरुद्ध पळायचं होतं. निम्म्या अंतरापर्यंत रेश्मा दुसरी होती. मग तिचे खांदे हलायला लागले. खांद्यांवरून ओळखायला मला अण्णांनीच शिकवलं होतं. ती अकरावी आली. त्याच दिवशी मोठ्या गटात मी पाचवी आले. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही दुसऱ्या दिवशी आलं.

रेश्मा रस्त्याकडेला बसून बूट काढत होती. अण्णा पाण्याची बाटली घेऊन धावत आले. “काय झालं, अम्मा?”

ती मान खाली घालूनच म्हणाली, “अण्णा, मी कवाच संपलीया.”

तिचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “काय म्हंती?”

मी सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाले, “ऊन लागलं म्हणते.”

परतीच्या एसटीत रेश्मा खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “ताई, पुलावर तुला आयकू येत हुतं की न्हाय?”

“वाऱ्यात काही ऐकू येत नाही गं,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. वाऱ्यात काय ऐकू येतं आणि काय नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिने सायकल अण्णांच्या दारात ठेवली आणि गाव गाठलं. आता ती तिथल्या दूध संकलन केंद्रात काम करते, स्कूटरवर जाते-येते. दिवाळीला मी फोन करते तेव्हा दुधाचं, पावसाचं, भावाच्या पोरांचं बोलते. सायकलचा विषय मी काढत नाही, तीही काढत नाही.

अण्णा वर्षभर एकच सांगत राहिले की पोरीला ऊन लागलं. माझंच वाक्य. पुढे त्यांनी आणखी मुली घडवल्या, दोघीतिघी नोकरीलाही लागल्या. सत्कार झाला तो त्या मुलींमुळे. खोटा नव्हता. पण पाढा म्हणायला त्यांनी नंतर कुणालाच सांगितलं नाही, असं मी ऐकलं.

सत्कार चुकवल्याची टोचणी होती, म्हणून परवा पूर्व भागातल्या त्यांच्या घरी गेले. माझ्या शाळेतल्या मुलींच्या शर्यतींचं वेळापत्रक दाखवण्याचं निमित्त काढलं. अण्णा खाटेवर बसले होते. सत्काराची शाल घडी करून उशाला होती. भिंतीवर नवं कॅलेंडर, अगदी कोरं. खालच्या फळीवर तो नारळ अजून होता, वाळून काळा पडलेला. सुनेने त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवून मी आल्याचं सांगितलं.

“शैला!” ते ओरडले. बहिरी माणसं ओरडतात तसे. वेळापत्रक त्यांनी हातात धरलं, पण त्यावर नजर घातली नाही. माझ्या तोंडाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, “पाढा म्हन.”

मी हसले. “आता कुठला पाढा, अण्णा?”

“म्हन. एकोनीसचा.”

समोरच्या खुर्चीत बसून मी सुरू केलं. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. एकोणीस पंचे पंच्याण्णवपर्यंत आले आणि पुढचं मला म्हणवेना. पण थांबलेही नाही. त्याच लयीत, त्याच सुरात मी म्हणत गेले. अण्णा, ती इथेच तुटायची. रोज इथेच तुटायची. पुढे नुसते ओठ हलवायची, तुम्ही खूश व्हावं म्हणून. मला ऐकू येत होतं. मी बोलले नाही. तिला ऊन लागलं नव्हतं, अण्णा, ती संपली होती, तसं ती म्हणाली होती, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही मला कधी मोजलं नाही म्हणून मी बोलले नाही.

दारात उभी असलेली सून माझ्याकडे बघत राहिली. तिला मराठी चांगलं कळतं.

अण्णांनी हात वर केला. “बास. लई छान. कुटंच तुटलं न्हाय.” त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, लाल टोक जिभेवर ओलं केलं आणि उठून कॅलेंडरची पानं उलटत चैत्रावर आले. एका रविवाराभोवती हळूहळू गोल काढला आणि बाजूला तेलुगू अक्षरांत काहीतरी लिहिलं. मला तेलुगू वाचता येत नाही, पण ते माझं नाव असणार.

“आलाय तुझा फॉर्म,” ते म्हणाले. “वीस दिस हायत. बगून खर्च कर, अम्मा.”